वाइल्डफ्लायवर रिमोट जेएनडीआय लूकअप: सर्व्हरच्या मशीनवरून होतं, बाहेरून नाही

मध्यरात्रीचा_बिल्ड

मंडळी, जेबॉस ईएपी ६ वरचं जुनं ॲप्लिकेशन वाइल्डफ्लाय २६.१.३ वर (दोन्ही जावाचे ॲप्लिकेशन सर्व्हर) आणायचं काम चालू आहे. सर्व्हर लिनक्सवर, जेडीके ११, स्टँडअलोन-फुल कॉन्फिगरेशन. क्लायंट म्हणजे वेगळ्या मशीनवरचा साधा जावा प्रोग्राम, शेड्यूलरमधून रात्री सुटणारा. त्याला सर्व्हरवरचं एक स्टेटलेस ईजेबी (दोन कॉलमध्ये काही लक्षात न ठेवणारं जावा कॉम्पोनंट, म्हणजे बीन) बोलवायचंय आणि एका जेएमएस (जावाची मेसेज पाठवायची सोय) क्यूमध्ये मेसेज टाकायचाय. दोन्ही शोधायला जेएनडीआय, म्हणजे नाव देऊन सर्व्हरवरची वस्तू मिळवायची जावाची सोय, वापरतोय.

सध्या असं आहे:

इनिशियल फॅक्टरी: ऑर्ग.जेबॉस.नेमिंग.रिमोट.क्लायंट.इनिशियलकॉन्टेक्स्टफॅक्टरी
प्रोव्हायडर यूआरएल: रिमोट://ॲपसर्व्हर:४४४७
ईजेबीचं नाव: जावा:ग्लोबल/ऑर्डर-ईएआर-१.४.२/ऑर्डर-ईजेबी/ऑर्डरबीन (सर्व्हर लॉगमधून उचललंय)

४४४७ वर कनेक्शन रिफ्यूज्ड येतं. यूआरएल रिमोट+एचटीटीपी करून पोर्ट ८०८० दिला, तर सर्व्हरच्याच मशीनवरून गाडी पुढे सरकते आणि नेम-नॉट-फाउंड एक्सेप्शन येतं. दुसऱ्या मशीनवरून मात्र पुन्हा कनेक्शन रिफ्यूज्ड. फायरवॉलमध्ये ८०८० उघडा आहे असं नेटवर्कवाले म्हणतात.

कन्सोलकाका

दोन वेगळे आजार आहेत, एकत्र करू नका. आधी जोडणी बघू, नावाचं नंतर.

(क्लासची, प्रॉपर्टीची नावं इथे देवनागरीत लिहितोय, फाइलमध्ये अर्थातच रोमनमध्ये टाकायची.)

पोर्टचा इतिहास माहीत असला की निम्मा गोंधळ मिटतो. जेबॉस ५ च्या काळात जेएनपी (जेएनडीआयचा जुना प्रोटोकॉल) होतं, पोर्ट १०९९. जेबॉस ७ आणि ईएपी ६ मध्ये रिमोटिंग (बाहेरून कॉल करायचा जेबॉसचा प्रोटोकॉल) आलं, पोर्ट ४४४७. वाइल्डफ्लाय ८ पासून रिमोटिंगचा वेगळा पोर्टच उरला नाही. क्लायंट ८०८० वर साधी एचटीटीपी विनंती करतो, तिच्यात अपग्रेड हेडर असतो, सर्व्हर १०१ उत्तर देतो आणि तीच टीसीपी जोडणी पुढे रिमोटिंगची होते. ८ ते १० मध्ये यूआरएल एचटीटीपी-रिमोटिंग:// असा लिहायचा, ११ पासून रिमोट+एचटीटीपी://, टीएलएस असेल तर रिमोट+एचटीटीपीएस:// आणि पोर्ट ८४४३. नेटवर १०९९ आणि ४४४७ वाली उत्तरं अजून खच्चून पडलेली आहेत. तारीख बघूनच कॉपी करा.

फॅक्टरीही बदला: ऑर्ग.वाइल्डफ्लाय.नेमिंग.क्लायंट.वाइल्डफ्लायइनिशियलकॉन्टेक्स्टफॅक्टरी. ११ पासून हीच वापरायची.

आता बाहेरून रिफ्यूज्ड का? वाइल्डफ्लाय मुळात १२७.०.०.१ वरच ऐकतो. सर्व्हरवर एसएस -एलटीएन चालवून ८०८० ची ओळ बघा. तिथे १२७.०.०.१:८०८० दिसलं तर फायरवॉल कितीही उघडा, बाहेरून काही येणार नाही. स्टँडअलोन स्क्रिप्टला -बी आणि मशीनचा खरा पत्ता द्या. -बी ०.०.०.० सुद्धा चालतं, पण जेएमएस वापरणार असाल तर त्याचा एक त्रास पुढे येतो.

आणि रिफ्यूज्ड की टाइमआउट हे नीट वाचत जा. रिफ्यूज्ड म्हणजे मशीनपर्यंत पोहोचलात पण त्या पत्त्यावर, त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. टाइमआउट म्हणजे वाटेत कोणीतरी पाकीट गिळतंय, बहुधा फायरवॉल. तुम्हाला रिफ्यूज्ड येतंय, म्हणजे नेटवर्कवाल्यांचं बरोबर असण्याची शक्यता जास्त.

पोर्टवाला

काकांना +१. भर एवढीच: पोर्ट-ऑफसेट (सगळ्या पोर्टमध्ये मिळवला जाणारा आकडा) बघा. एकाच मशीनवर दोन इन्स्टन्स चालवायला कोणीतरी जेबॉस.सॉकेट.बाइंडिंग.पोर्ट-ऑफसेट १०० देऊन ठेवलेलं असतं, मग ८०८० चा ८१८० होतो आणि ९९९० चा १००९०. क्लायंट मशीनवरून एनसी -व्हीझेड ॲपसर्व्हर ८०८० करून बघा, जावा मध्ये आणूच नका. जोवर एनसी "सक्सीडेड" म्हणत नाही तोवर जावाचा स्टॅक ट्रेस वाचण्यात अर्थ नाही.

९९९० वर रिमोट नेमिंग करायला जाऊ नका. तो मॅनेजमेंटचा पोर्ट. तिथेही रिमोटिंग चालतं त्यामुळे जोडणी होते, लॉगिनही कधी कधी होतं, आणि मग माणूस भलत्याच दिशेला शोधत बसतो.

अर्धविराम

नावाबद्दल मी लिहितो, कारण इथेच सगळ्यात जास्त वेळ जातो.

बाहेरच्या क्लायंटला सर्व्हरचं सगळं जेएनडीआय झाड दिसत नाही. जावा:जेबॉस/एक्स्पोर्टेड/ या फांदीखाली जे बांधलंय तेवढंच दिसतं. जावा:ग्लोबल, जावा:ॲप, जावा:मॉड्यूल, जावा:/ यातलं काहीही बाहेरून मिळत नाही. डेटासोर्स तर नाहीच, तो बाहेर द्यायची वस्तूच नाही. क्लायंटकडून नाव देताना ते एक्स्पोर्टेडच्या सापेक्ष द्यायचं. म्हणजे सर्व्हरवर जावा:जेबॉस/एक्स्पोर्टेड/जेएमएस/रिमोटकनेक्शनफॅक्टरी असेल, तर क्लायंटमध्ये फक्त जेएमएस/रिमोटकनेक्शनफॅक्टरी. "जावा:" उपसर्ग क्लायंटमध्ये लावायचाच नाही.

डिप्लॉय होताना लॉगमध्ये प्रत्येक बीनसाठी जेएनडीआय नावांची यादी छापली जाते. त्यात जावा:जेबॉस/एक्स्पोर्टेड/ ने सुरू होणारी ओळ शोधा. तुमच्या बाबतीत ती अशी असायला हवी:

जावा:जेबॉस/एक्स्पोर्टेड/ऑर्डर-ईएआर-१.४.२/ऑर्डर-ईजेबी/ऑर्डरबीन!कॉम.उदाहरण.ऑर्डररिमोट

ही ओळच नसेल तर बीनला रिमोट इंटरफेस नाही. ॲट-लोकल किंवा बिनइंटरफेसचा व्ह्यू असेल तर एक्स्पोर्टेडमध्ये नोंद होत नाही. उद्गारचिन्हापुढे इंटरफेसचं पूर्ण नाव हवं, पॅकेजसकट, बीनच्या क्लासचं नाही.

लॉग फिरून गेला असेल तर सीएलआयमध्ये (सर्व्हरच्या कमांड-लाइनमध्ये) /सबसिस्टम=नेमिंग:जेएनडीआय-व्ह्यू चालवा. सगळं झाड येतं.

आता तुमच्या नावातल्या १.४.२ कडे बघा. ॲपचं नाव म्हणजे ईएआर फाइलचं (सगळी मॉड्यूल एकत्र बांधलेलं पॅकेज) नाव, शेवटचं .ईएआर काढून. मेव्हन (बिल्ड करायचं साधन) फाइलनावात आवृत्ती घालतो. पुढच्या महिन्यात १.४.३ डिप्लॉय केलंत की नाव बदललं, आणि क्लायंट आडवा. ॲप्लिकेशन.एक्सएमएलमध्ये ॲप्लिकेशन-नेम टॅग टाकून नाव कायमचं ऑर्डर करून टाका. मॉड्यूललाही तेच लागू: ईजेबी-जार.एक्सएमएलमध्ये मॉड्यूल-नेम. प्रॉडक्शनला जायच्या आधी हे करा. नंतर करायला गेलं की क्लायंटही सगळे बदलावे लागतात.

मध्यरात्रीचा_बिल्ड

-बी ने पत्ता दिला, बाहेरून एनसी लागतो. ॲप्लिकेशन-नेम "ऑर्डर" केलं, मॉड्यूल "ऑर्डर-ईजेबी". क्लायंटमध्ये नाव असं केलं:

ईजेबी:ऑर्डर/ऑर्डर-ईजेबी//ऑर्डरबीन!कॉम.उदाहरण.ऑर्डररिमोट

लूकअप झालं! प्रॉक्सी (दूरच्या बीनचा क्लायंटकडचा प्रतिनिधी) मिळाला. पण पहिली मेथड बोलावली की ईजेबीक्लायंट००००७९, अनेबल टू डिस्कव्हर डेस्टिनेशन. लूकअप होतंय म्हणजे नाव आणि जोडणी दोन्ही बरोबर ना? मग मेथडला काय झालं?

अर्धविराम

नाही, इथेच सगळे फसतात. "ईजेबी:" ने सुरू होणारं नाव सर्व्हरला विचारलंच जात नाही. स्टेटलेस बीनसाठी क्लायंट लायब्ररी नावाचे तुकडे करते (ॲप, मॉड्यूल, डिस्टिंक्ट नेम, बीन, इंटरफेस) आणि जागच्या जागी प्रॉक्सी बनवून हातात देते. सर्व्हर बंद असला तरी हे लूकअप यशस्वी होतं. खात्री करायची तर सर्व्हर बंद करून चालवा. स्टेटफुल असेल आणि नावाच्या शेवटी ?स्टेटफुल लावलं असेल, तर लूकअपच्या वेळी सेशन बनवावं लागतं म्हणून तेव्हा संपर्क होतो. न्यू इनिशियलकॉन्टेक्स्ट सुद्धा ११ पासून आळशी आहे, जोडणी गरज पडेल तेव्हाच उघडतो. म्हणून ट्राय-कॅच कॉन्टेक्स्ट बनवण्याभोवती लावून "कनेक्टेड" असा लॉग काढणारा कोड काहीच सांगत नाही.

००००७९ दोन परिस्थितींत येतं: एक, कुठल्याच सर्व्हरशी जोडणी होऊ शकली नाही. दोन, जोडणी झाली पण त्या ॲप-मॉड्यूलचं बीन कुठेच सापडलं नाही. खरं कारण स्टॅक ट्रेसमध्ये "सप्रेस्ड" या ओळीखाली दडलेलं असतं. बरेच लॉगर फक्त "कॉज्ड बाय" छापतात किंवा ट्रेस कापतात, म्हणून ते दिसत नाही. एकदा साधं प्रिंट-स्टॅक-ट्रेस करून पूर्ण बघा.

दोन्हीतलं कुठलं हे ठरवायचा झटपट उपाय: तात्पुरतं "ईजेबी:" काढा आणि ऑर्डर/ऑर्डर-ईजेबी/ऑर्डरबीन!कॉम.उदाहरण.ऑर्डररिमोट एवढंच नाव देऊन लूकअप करा. हे नाव रिमोट नेमिंगमधून जातं, म्हणजे सर्व्हरला विचारावंच लागतं. जोडणीत खोट असेल तर डब्ल्यूएफएनएएम०००१८ येईल, फेल्ड टू कनेक्ट टू रिमोट होस्ट. नावात खोट असेल तर नेम-नॉट-फाउंड येईल आणि त्या मेसेजमध्ये सर्व्हरने नेमकं कुठे शोधलं तेही असेल.

लक्षात घ्या, "ईजेबी:" वाल्या नावात मॉड्यूल आणि बीनच्या मध्ये दोन तिरक्या रेघा, कारण मधलं डिस्टिंक्ट नेम रिकामं. एक्स्पोर्टेडच्या नावात एकच. ईएआर नसून नुसता जार किंवा वॉर असेल तर ॲपचं नाव रिकामं, म्हणजे ईजेबी:/मॉड्यूल//बीन!इंटरफेस.

मध्यरात्रीचा_बिल्ड

"ईजेबी:" काढलं. डब्ल्यूएफएनएएम०००१८ आणि त्याखाली ऑथेंटिकेशन फेल्ड, ऑल अव्हेलेबल मेकॅनिझम्स फेल्ड. गंमत म्हणजे सर्व्हरच्याच मशीनवरून, वेगळ्या लिनक्स यूझरने चालवलं तरीही ऑथेंटिकेशन फेल्ड, पण मेसेज वेगळा: जेबॉस-लोकल-यूझर, आणि टीएमपी/ऑथ फोल्डरातल्या कुठल्यातरी .चॅलेंज फाइलला परमिशन डिनाइड. यूझर ॲड-यूझर स्क्रिप्टने बनवलाय, त्याच नावाने वेब कन्सोलमध्ये लॉगिन होतं.

कन्सोलकाका

वेब कन्सोलमध्ये लॉगिन होतं म्हणजेच तो चुकीच्या ठिकाणी बनलाय. ॲड-यूझर विचारतं, मॅनेजमेंट यूझर की ॲप्लिकेशन यूझर, आणि नुसतं एंटर दाबलं की मॅनेजमेंट. तो ९९९० साठी. ८०८० वरच्या रिमोटिंगला ॲप्लिकेशन-यूझर्स.प्रॉपर्टीज लागते. असं करा:

ॲड-यूझर.एसएच -ए -यू बॅचयूझर -पी पासवर्ड -जी गेस्ट

-ए म्हणजे ॲप्लिकेशन यूझर. गेस्ट ग्रुप का ते जेएमएसच्या वेळी कळेल.

एका फाइलमधली ओळ दुसरीत चिकटवून भागत नाही. बरोबरच्या चिन्हापुढे असतो तो नाव:रेल्म:पासवर्ड या तिन्हींचा मिळून एमडी५ हॅश (रेल्म म्हणजे यूझरांचा एक स्वतंत्र गट). मॅनेजमेंटरेल्मचा हॅश ॲप्लिकेशनरेल्ममध्ये कधीच जुळणार नाही. नाव बदललं तरी हॅश बाद. आणि त्या फाइलमध्ये रेल्म-नेम लिहिलेली एक ओळ कॉमेंटसारखी दिसते, ती "साफसफाई" करताना उडवू नका, रेल्मचं नाव तिथूनच वाचलं जातं.

२५ व्या आवृत्तीपासून जुने सिक्युरिटी रेल्म काढून टाकलेत, सगळं एलिट्रॉन या नव्या सिक्युरिटी यंत्रणेवर आहे. त्यामुळे ईएपी ६ चा सिक्युरिटी-रेल्मचा एक्सएमएल तुकडा जसाच्या तसा २६ मध्ये चिकटवला तर सर्व्हर उठणारच नाही. चालू सर्व्हरला नवा यूझर दिसत नसेल तर /सबसिस्टम=एलिट्रॉन/प्रॉपर्टीज-रेल्म=ॲप्लिकेशनरेल्म:लोड, नाहीतर सरळ रीस्टार्ट.

थ्रेड_डंप

.चॅलेंजचं मी सांगतो. जेबॉस-लोकल-यूझर ही "तू याच मशीनवर आहेस ना, मग ही फाइल वाचून दाखव" पद्धत आहे. सर्व्हर स्टँडअलोन/टीएमपी/ऑथमध्ये एक फाइल लिहितो, क्लायंटला तिचा पत्ता सांगतो, क्लायंटने आतला मजकूर परत पाठवायचा. क्लायंट वेगळ्या लिनक्स यूझरने चालत असेल तर फाइल वाचता येत नाही, म्हणून परमिशन डिनाइड. फोल्डरला ७७७ करणारे महाभाग आहेत. करू नका, मशीनवरच्या कोणालाही पासवर्डशिवाय आत येता येईल.

त्यापेक्षा क्लायंटला ती पद्धत वापरूच देऊ नका. मेटा-आयएनएफ फोल्डरात वाइल्डफ्लाय-कॉन्फिग.एक्सएमएल ठेवा (किंवा -डीवाइल्डफ्लाय.कॉन्फिग.यूआरएल ने बाहेरचा पत्ता द्या). त्यात ऑथेंटिकेशन-कॉन्फिगरेशनखाली सॅसल-मेकॅनिझम-सिलेक्टर टाकून सिलेक्टरची किंमत डायजेस्ट-एमडी५ ठेवा, सोबत सेट-यूझर-नेम आणि क्रेडेन्शियल. पासवर्ड कोडमध्ये नको असेल तरी हीच फाइल बरी.

आणि एरर वाचताना: "लोकल-यूझर"ची ओळ बहुतेक वेळा आवाज असतो. खरी ओळ त्यापुढची, डायजेस्ट-एमडी५: सर्व्हर रिजेक्टेड ऑथेंटिकेशन. ती असेल तर नाव, पासवर्ड किंवा रेल्म चुकलंय.

तरी अडलं तर सर्व्हरवर ऑर्ग.वाइल्डफ्लाय.सिक्युरिटी या लॉगरला ट्रेस पातळी द्या. क्लायंटला मुद्दामच कमी सांगितलं जातं, सर्व्हरचा ट्रेस मात्र कुठला रेल्म बघितला, यूझर सापडला की नाही, सगळं बोलतो. काम झालं की काढा, डिस्क भरते.

मध्यरात्रीचा_बिल्ड

ईजेबी चालू झालं. सर्वांना दंडवत. आता जेएमएस: रिमोटकनेक्शनफॅक्टरीचं लूकअप होतं (हे तरी सर्व्हरला विचारून होतं ना?), क्यू मिळत नाही, आणि क्यू बाजूला ठेवून नुसतं क्रिएट-कनेक्शन केलं तर एएमक्यू२१९००७, कॅनॉट कनेक्ट टू सर्व्हर्स. मध्यंतरी कोणीतरी -बी पुन्हा ०.०.०.० केलंय.

पोर्टवाला

हो, हे लूकअप खरंखुरं सर्व्हरवरून होतं. घोटाळा त्यात मिळालेल्या वस्तूत आहे.

रिमोटकनेक्शनफॅक्टरीच्या पोटात लिहिलेलं असतं "ब्रोकरशी (मेसेज सांभाळणाऱ्या भागाशी) जोडायचं तर या होस्टला, या पोर्टला जा". तो होस्ट सर्व्हर ठरवतो, तुमच्या प्रोव्हायडर यूआरएलशी त्याचा संबंध नाही. ०.०.०.० वर बाइंड केलं की सर्व्हरला स्वतःचा एक पत्ता कळत नाही, मग तो मशीनचं होस्टनेम घालतो. सर्व्हर लॉगमध्ये सुरुवातीलाच एएमक्यू१२१००५ ची वॉर्निंग असेल: एचटीटीपी-कनेक्टरसाठी ०.०.०.० हा होस्ट अवैध, त्याऐवजी अमुक वापरतोय. ते अमुक नाव क्लायंट मशीनला सापडत नाही, किंवा सापडून भलत्या आयपीकडे जातं. क्लायंटवर गेटएन्ट होस्ट्स आणि ते नाव देऊन बघा.

उपाय दोन. खऱ्या पत्त्यावर बाइंड करा, सोपं. ते शक्य नसेल (कंटेनर, नॅट) तर बाहेरच्या नावाचं एक रिमोट-डेस्टिनेशन-आउटबाउंड-सॉकेट-बाइंडिंग बनवा, होस्टमध्ये क्लायंटला दिसणारं नाव, पोर्टमध्ये क्लायंटला दिसणारा पोर्ट, आणि मेसेजिंग सबसिस्टममधल्या एचटीटीपी-कनेक्टरचं सॉकेट-बाइंडिंग त्याच्याकडे वळवा. क्लायंटच्या होस्ट्स फाइलमध्ये नाव घुसडणं हा तिसरा उपाय. प्रयोगापुरता ठीक, प्रॉडक्शनला तो विसरला जातो आणि मशीन बदललं की रात्री फोन येतो.

क्यू मिळत नाही कारण तिला बहुधा एकच एंट्री आहे. अशी बनवा:

जेएमएस-क्यू ॲड --क्यू-ॲड्रेस=ऑर्डरक्यू --एंट्रीज=[जावा:/जेएमएस/क्यू/ऑर्डर, जावा:जेबॉस/एक्स्पोर्टेड/जेएमएस/क्यू/ऑर्डर]

पहिली सर्व्हरमधल्या कोडसाठी, दुसरी बाहेरच्यांसाठी.

कन्सोलकाका

आणि आता गेस्ट. जेएनडीआयला दिलेला यूझर-पासवर्ड ब्रोकरला आपोआप जात नाही. क्रिएट-कनेक्शनमध्ये पुन्हा द्यावा लागतो. न दिल्यास एएमक्यू२२९०३१, अनेबल टू व्हॅलिडेट यूझर. दिला पण ग्रुप नाही तर एएमक्यू२२९०३२, सेंडची परवानगी नाही. मूळ कॉन्फिगरेशनमध्ये सेंड आणि कन्झ्यूम फक्त गेस्ट या रोलला दिलेलं असतं. नाव गेस्ट असलं तरी बिनपासवर्डचा प्रवेश असा अर्थ नाही. प्रॉडक्शनमध्ये स्वतःचा रोल बनवा आणि त्या एका क्यूपुरतं सिक्युरिटी-सेटिंग लिहा.

कंटेनर_कोकणी

धाग्याला जोडून विचारतो. आमच्याकडे तोच प्रकार डॉकरमध्ये, दोन नोड, एचए (क्लस्टरचं) कॉन्फिगरेशन, बाहेर १८०८० आणि १८१८०. पहिला ईजेबी कॉल होतो, नंतरचे १७२.१७ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर जायला बघतात आणि लटकतात. असं अर्ध्यातून का व्हावं?

थ्रेड_डंप

क्लस्टर असेल तर पहिल्या जोडणीनंतर सर्व्हर क्लायंटला नकाशा पाठवतो: "क्लस्टरमध्ये हे हे नोड, त्यांचे हे पत्ते". पत्ते कंटेनरला स्वतःचे जे वाटतात ते, म्हणजे डॉकरच्या आतल्या ब्रिजचे. पुढचे कॉल क्लायंट त्या नकाशाप्रमाणे वाटतो.

सर्व्हरला बाहेरचा पत्ता शिकवा. स्टँडर्ड-सॉकेट्समधल्या एचटीटीपी या सॉकेट-बाइंडिंगवर क्लायंट-मॅपिंग्ज ठेवा: डेस्टिनेशन-ॲड्रेस म्हणजे बाहेरून दिसणारं होस्टनेम, डेस्टिनेशन-पोर्ट पहिल्या नोडला १८०८० आणि दुसऱ्याला १८१८०. सोर्स-नेटवर्क दिलंत तर आतल्यांना आतला पत्ता आणि बाहेरच्यांना बाहेरचा असंही करता येतं. दोन्ही नोडवर करा, एकावरच केलं की एक सोडून एक कॉल पडतो आणि ते शोधायला जास्त त्रास होतो. टीएलएस असेल तर एचटीटीपीएसच्या बाइंडिंगवरही.

कोकणी, जेएमएस वापरत असाल तर पोर्टवालांनी सांगितलेलं एचटीटीपी-कनेक्टरचं वेगळं करावंच लागेल. क्लायंट-मॅपिंग्ज ब्रोकरला लागू नाहीत.

रिव्हर्स_गिअर

क्लायंट आणि सर्व्हरच्या मध्ये एन्जिन-एक्स (विनंत्या पुढे पाठवणारा प्रॉक्सी सर्व्हर) असेल तर? ब्राउझरमधून ॲप उघडतं, ईजेबी क्लायंटला "अपग्रेड फेल्ड, इनव्हॅलिड रिस्पॉन्स कोड २००" मिळतं.

पोर्टवाला

२०० म्हणजे प्रॉक्सीने अपग्रेड हेडर गाळला, सर्व्हरला साधी विनंती दिसली आणि त्याने मुखपृष्ठ पाठवलं. हवं होतं १०१. ४०३ किंवा ४०४ आलं तरी अर्थ तोच: कोणीतरी वेगळ्याने उत्तर दिलं.

एन्जिन-एक्समध्ये प्रॉक्सी-एचटीटीपी-व्हर्जन १.१ करा आणि अपग्रेड व कनेक्शन हे दोन्ही हेडर पुढे पाठवा, वेबसॉकेटसाठी करतात तसंच. प्रॉक्सी-रीड-टाइमआउट मूळचा ६० सेकंद असतो, तो वाढवा, नाहीतर जोडणी निवांत असली की कापली जाते. माझं मत विचाराल तर रिमोटिंगसाठी एचटीटीपी प्रॉक्सी नकोच, टीसीपी पातळीवरचा पास-थ्रू द्या.

दुसरा मार्ग ११ पासून आहे: प्रोव्हायडर यूआरएल एचटीटीपी://होस्ट:८०८०/वाइल्डफ्लाय-सर्व्हिसेस. इथे अपग्रेड नाही, प्रत्येक कॉल ही साधी एचटीटीपी विनंती, त्यामुळे कुठल्याही लोड बॅलन्सरमधून जातं. क्लायंटच्या क्लासपाथवर वाइल्डफ्लाय एचटीटीपी क्लायंटचे नेमिंग आणि ईजेबी असे दोन्ही जार हवेत. जेएमएसची जोडणी मात्र यातून जाणार नाही.

धूळपाटी

ऑफिसात सिक्युरिटीवाले म्हणतात जेएनडीआय म्हणजे लॉगफॉरशेल (तो गाजलेला सुरक्षा-दोष), बंद करा. खरंच?

अर्धविराम

डिसेंबर २०२१ चा तो दोष लॉगफॉरजे २ या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीत होता. लॉगच्या मजकुरातलं बाहेरून आलेलं नाव तो थेट जेएनडीआयला विचारत असे, म्हणजे कुठे शोधायचं हे हल्लेखोर ठरवायचा. २.१६.० मध्ये ते मुळातच बंद केलं. तुमच्या क्लायंटमध्ये पत्ता आणि नाव दोन्ही तुमच्या कॉन्फिगरेशनमधून येतात, प्रकार वेगळा. मात्र लूकअपचं नाव किंवा यूआरएल वापरकर्त्याच्या इनपुटवरून जोडत असाल तर सिक्युरिटीवाल्यांचंच ऐका. आणि ८०८० चं रिमोटिंग उघड्या इंटरनेटवर ठेवू नका.

मध्यरात्रीचा_बिल्ड

जेएमएसही चाललं, खऱ्या पत्त्यावर बाइंड केलं. फक्त एका मशीनवर क्लायंट अजूनही ४४४७ ला जातोय. कोडमध्ये ४४४७ कुठेही नाही, ग्रेप करून झालं.

थ्रेड_डंप

जेएनडीआय.प्रॉपर्टीज. क्लासपाथवरच्या कुठल्यातरी जुन्या जारमध्ये ती पडलेली असणार, ग्रेपला झिपच्या आतलं दिसत नाही. लिब फोल्डरातल्या प्रत्येक जारवर अनझिप -एल चालवून शोधा. क्लायंटमध्ये न्यू इनिशियलकॉन्टेक्स्ट रिकामा असेल तर फॅक्टरी आणि यूआरएल तिथून उचलले जातात. हॅशटेबलमध्ये दिलेली प्रॉपर्टी सगळ्यात आधी धरली जाते, मग सिस्टम प्रॉपर्टी, मग फाइल. म्हणून त्या मशीनच्या स्टार्ट स्क्रिप्टमध्ये -डीजावा.नेमिंग.प्रोव्हायडर.यूआरएल आहे का तेही बघा.

शोधत आहातच तर जुना जेबॉस-क्लायंट.जारही काढा. २६ च्या बिन/क्लायंट फोल्डरातला घ्या, सर्व्हरच्या आवृत्तीचाच. दोन आवृत्त्या एकत्र असल्या की कुठला क्लास आधी लोड होईल याचा भरवसा नाही, आणि मग एकाच कोडला दोन मशीनवर दोन वेगळे एरर.

कंटेनर_कोकणी

क्लायंट-मॅपिंग्जने काम झालं. पुढचं: सर्व्हर ३० वर नेऊन बघितला तर जेएमएस फॅक्टरीच्या लूकअपनंतर क्लासकास्ट एक्सेप्शन. नाव तर तेच आहे.

कन्सोलकाका

नाव तेच, पॅकेज वेगळं. नोव्हेंबर २०२२ च्या २७ पासून सर्व्हर जाकार्ता ईई १० (जावा ईईचा नव्या नावाचा वारसदार) वर गेला. सर्व्हर जाकार्ता.जेएमएसची वस्तू देतो, तुमचा क्लायंट तिला जावाएक्स.जेएमएसमध्ये कास्ट करतो. क्लायंटचे इंपोर्ट बदला, जार ३० चे घ्या, जेडीके किमान ११. सगळं आंधळेपणाने शोधा-बदला करू नका, जावाएक्स.नेमिंग जेडीकेचा भाग आहे, ते जावाएक्सच राहतं. ईजेबीच्या इंटरफेस जारमध्येही ॲट-रिमोट जाकार्ताचं हवं, तो जार पुन्हा बिल्ड करून दोन्हीकडे एकच द्या.

रिव्हर्स_गिअर

क्लायंटच जर दुसऱ्या वाइल्डफ्लायवरचा वॉर असेल तर हेच सगळं?

अर्धविराम

नावं, यूझर, पोर्ट सगळं हेच. फरक एक: वॉरच्या लिबमध्ये जेबॉस-क्लायंट.जार टाकू नका. ते क्लास सर्व्हरकडे मॉड्यूल म्हणून आधीच आहेत, दुसरी प्रत आली की क्लासकास्ट किंवा लिंकेज एरर ठरलेला. मेव्हनमध्ये स्कोप प्रोव्हाइडेड ठेवा. जोडणी सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये रिमोट-आउटबाउंड-कनेक्शन म्हणून लिहा आणि वॉरमध्ये जेबॉस-ईजेबी-क्लायंट.एक्सएमएलमधून तिचा उल्लेख करा. मग होस्ट बदलला तर वॉर पुन्हा बिल्ड करायला नको. इंटरफेसचा जार मात्र वॉरमध्ये लागतोच.